उजळ-दोन

तुर्भ्याच्या लॅबमधून तन्वीरचा फोन:
"मॅडम, अल्बम काळा आलाय. चाळीसच्या चाळीस पानं.
मशीन माझं बरोबर आहे. तुमचा स्क्रीन तपासा,
तो तुमच्याशी गोड बोलतोय."

गोड बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत.
घणसोली गावात, तळमजल्याला, माझा गाळा;
पण अकरा वर्षं ज्याच्यासमोर बसून डबा खाल्ला
त्याच्याबद्दल असं ऐकणं जड गेलं.

संध्याकाळी यंत्र आलं, एका दिवसाच्या भाड्याने.
बिस्किटाएवढं, काळं, मागे वायरची शेपटी.
आधी अर्धा तास स्क्रीन तापू द्यायचा,
ट्यूबलाइट बंद, दाराला चादर,
मग ते काचेवर टेकवायचं
आणि आपण गप्प बसायचं.

लाल आला. हिरवा आला. निळा.
मग राखाडीच्या पायऱ्या, काळोखापासून वर वर.
प्रत्येक पायरीवर ते थांबे,
जसा मोजणीवाला बांधावर थांबतो,
साखळी टाकतो आणि म्हणतो,
तुमची हद्द इथे नाही, तिथे.

पांढरा साडेसहा हजारांवर बसला.
उजेड एकशे दहावर आणला. माझा होता तीनशेच्या पुढे.
तीनशे!
म्हणजे इतकी वर्षं मी माणसांना
तोंडावर टॉर्च मारून बघत होते.

संपल्यावर सगळं पिवळट, कावीळ झाल्यासारखं.
मी घाबरून फोन लावला.
"डोळ्यांना दोन दिवस द्या," तन्वीर म्हणाला,
"स्क्रीन बरा झालाय. आजारी आता तुम्ही."

तिसऱ्या दिवशी विशाखा मढवीची फाइल उघडली.
हळदीची रात्र.
लग्नाआधीच तिने फोनवर बजावलं होतं,
मागे बेंजो वाजत होता, ती ओरडून बोलत होती:
"ताई, मला गोरी करायचं नाही हां!
मी आहे तशीच पाहिजे."
असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.
माझ्याकडे एक बटण आहे, मीच बनवलेलं,
नाव दिलंय उजळ-दोन.
प्रत्येक नवरी त्यातून जाते,
न विचारता, जशी मांडवाच्या दारातून.

आणि तेव्हा कळलं.
उजळ-दोन चेहरा वर चढवायचं,
माझा भगभगीत स्क्रीन त्याला छपाईत खाली ओढायचा,
दोन खोटी एकमेकांच्या खांद्याला धरून
अकरा वर्षं सरळ चालत होती
आणि गाव म्हणायचं, अगदी हुबेहूब.
विशाखाने एकाचा हात काढला,
दुसरं तोंडावर पडलं.

आता ती समोर होती. चिंचोक्याच्या रंगाची, तशीच तुकतुकीत.
कोपरावर हळद, पिवळी नाही, पितळी.
मी फक्त मागच्या हॅलोजनचा डाग काढला.

नवीन पान घेऊन दोघी दारात उभ्या राहिल्या, सावलीत,
विशाखा आणि तिची सासू.
सासू म्हणाली, "बाय, जराशी उजळ नसती झाली?"
विशाखाने काही न बोलता मनगट पानावर ठेवलं.
मनगट कुठे संपलं आणि कागद कुठे सुरू झाला
ते बांगडीवरूनच काय ते समजलं.

उजळ-दोन मी अजून पुसलेलं नाही.
भाडं दर महिन्याला असतं,
आणि मुलींच्या मामांचे फोन येतच असतात.

एक राहिलं. माझ्या पाठची भिंत पोपटी आहे,
तिचा रंग काचेवर पडतो.
हरेश्वर शेठना विचारलं, राखाडी लावू?
"राखाडी? फोटोचं दुकान आहे की सुतकाचं घर?"
म्हणून रविवारी, शटर अर्धं ओढून,
माझ्या खुर्चीमागचा तेवढाच चौकोन रंगवला.
उभी राहिले की
डोकं अजून पोपटी भिंतीसमोर येतं.